अर्बाबच्या बंदुकीचा दस्ता

ओमानमधल्या सहममध्ये माझं फर्निचरचं दुकान आहे. त्याला एकच शटर, आणि तेही गल्लीकडे उघडतं. आमच्या ओळीच्या टोकाला मात्र कोपऱ्याचा गाळा आहे. त्याला दोन शटरं, एक गल्लीत आणि एक हमरस्त्यावर. हमरस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला गाडीत बसल्या बसल्या आतला सोफा दिसतो, आणि शेजारी बायको असेल तर गाडी थांबते. हा गाळा अर्बाबने, म्हणजे माझ्या ओमानी मालकाने, मला कबूल केला होता. भर मजलिशीत, म्हणजे त्याच्या बैठकीच्या खोलीत, पाहुण्यांसमोर, हातात कॉफीचा पेला धरून तो म्हणाला होता, "कोपरा नज्जारचा." नज्जार म्हणजे सुतार. इतकी वर्षं झाली, त्याने मला दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही.

मग मी गणपतीला रत्नागिरीला गेलो. परत आलो तर कोपऱ्यात एक मल्याळी माणूस चहाचं दूध आटवत बसला होता.

"इन्शाल्ला, पुढच्या वेळी," अर्बाब म्हणाला.

त्यावर मी जे बोललो ते मराठीत बोललो, म्हणून निभावलं.

गोष्ट जुनी आहे, पण विसरलेली नाही. माझं लायसन अर्बाबच्या नावावर, ओळीतले सगळे गाळे अर्बाबचे, मागची खजुराची बागही त्याचीच. म्हणजे भांडायचं तर त्याच्याशी, आणि भांडून झाल्यावर सहीसाठी जायचं तेही त्याच्याकडेच. दुकान उघडलं की थोड्या वेळात तो यायचा, विकायला मांडलेल्या सगळ्यात भारी सोफ्यावर बसायचा आणि कोपऱ्यातून दोन चहा मागवायचा. माझ्याच कोपऱ्यातला चहा तो मला पाजायचा. मी प्यायचो, कारण चहा चांगला असायचा.

अर्बाबचा जन्म झांजिबारचा. तिथे त्याच्या वडिलांचं लवंगांचं दुकान होतं. लहानपणीच सगळं कुटुंब ओमानला परत आलं. धाकट्या भावाशी तो अजून स्वाहिली बोलतो, बाकी जगाशी अरबी, आणि माझ्याशी इथल्या किनाऱ्यावर सगळेच बोलतात ती मोडकी हिंदी. अरबीत लहान-मोठा सगळ्यांना एकच 'तू' असतो, म्हणून आम्हीही एकमेकांना तू म्हणतो. गावाकडे एवढ्या वयाच्या माणसाला तू म्हटलं असतं तर आईने उलथन्याने मारलं असतं.

गेल्या हिवाळ्यात मस्कतला त्याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. परत आल्यावर तो दुकानात यायचा, सोफ्यावर बसायचा, पण चहा मागवायचा नाही. मी मागवला तर "पोट भरलंय" म्हणायचा. मला वाटलं, डॉक्टरने साखर बंद केली असेल. माझी बायको दुकानाच्या मागच्या भागात सोफ्यांची कव्हरं शिवते. तिने मशीनवरून मान वर न करता सांगितलं, "साखर नाही हो. उजवा हात तोंडापर्यंत जात नाही त्यांचा. आणि डाव्या हाताने ते पिणार नाहीत."

खरंच होतं. डाव्या हाताने खाणं-पिणं त्यांच्यात नाही, आणि चारचौघांत तर नाहीच. चहा प्यायला नाही की कुणाला कळत नाही, एवढाच हिशेब. तेव्हापासून मीही त्याच्यासमोर चहा घेणं सोडलं. मल्याळ्याचं गिऱ्हाईक कमी झालं, याचंही दुःख नव्हतं.

मग एका सकाळी त्याने मला बागेतल्या घरी बोलावलं. मजलिशीत गालिच्यावर एक लांब पेटी उघडी होती आणि तीत ती बंदूक होती.

मी आधी ती भिंतीवर टांगलेली पाहिली होती, पण जवळून नाही. मागे खांद्याला लावायचा लाकडी दस्ता, पुढे दोन नळ्या शेजारी शेजारी, आणि प्रत्येकीत माझा अंगठा सहज आत जाऊन फिरेल एवढं भोक. आठ बोअरची. त्याच्या आजोबाने आफ्रिकेत शिकारीसाठी घेतलेली. वजन असं, की ती उचलली की माणूस आपोआप गप्प होतो. असं अर्बाब म्हणाला, मी उचलली नाही. परदेशी माणसाने इथे बंदुकीला हात लावायचा नसतो, आणि मला माझा व्हिसा प्यारा आहे. तिला लागतील अशी काडतुसं आता कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. अर्बाबकडे वडिलांच्या वेळची पितळी काडतुसं आहेत. उडवलेलं काडतूस पुसायचं, मागे नवी टोपी बसवायची, आत दारू ओतायची, वर नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या ठासायच्या, मग छर्रे आणि शेवटी पुठ्ठ्याचं झाकण. हे सगळं तो स्वतः, परवान्यातल्या सामानाने, वर्षातून एकदाच करायचा.

एकदाच, कारण शिकार केव्हाच बंद झाली. पण त्यांच्या घराण्यात एक रीत उरली आहे. मोठ्या ईदच्या दुसऱ्या दिवशी सगळं कुटुंब रुस्ताक गावाबाहेरच्या वादीत जमतं. वादी म्हणजे कोरड्या नदीचं पात्र. रीतसर परवानगी काढलेली असते. तिथे दगडावर तेलाचा रिकामा डबा ठेवतात आणि घरातला मोठा माणूस आजोबाची बंदूक खांद्याला लावून तो उडवतो. ज्याने उडवला त्याच्या भिंतीवर बंदूक वर्षभर राहते. मोठ्याला नाही जमलं, तर मान धाकट्याचा.

"मागच्या ईदला ताप आला म्हणून सांगितलं," अर्बाब म्हणाला. "भावाने एक वर्ष सोडलं. आता नाही सोडणार. रुस्ताकमध्ये नवीन घर बांधलंय त्याने. मजलिशीत दोन खुंट्या ठोकून ठेवल्यात."

"खुंट्या कुणी ठोकल्या? त्याचा सुतार कोण?"

"तुला खुंट्यांचं पडलंय."

"बरं. डाव्या खांद्यावर घे मग. दस्ता थोडा वाकवून देतो, डोळ्यासमोर नळी येईल."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

बंदूक मागे लाथ मारते आणि त्याचा खांदा ती सोसत नाही, हे दुखणं. ऑपरेशनआधी त्याने बागेत एकदा उडवून पाहिली होती. तो मागे जाऊन पाण्याच्या चरीत बसला होता. हे मला त्याने नाही, त्याच्या बायकोने दारातून सांगितलं. पुढच्या वेळी मी ती विहिरीत टाकीन, तुझ्यासकट, असंही ती त्याला म्हणाली.

मी गालिच्यावर मांडी ठोकली. "करतो," म्हटलं. "दस्ता आखूड करतो, म्हणजे हात कमी ताणावा लागेल. मागे गादी बसवतो. धक्का निम्मा खाईल."

"गादी दिसता कामा नये. भाऊ म्हणेल, बंदुकीला सोफा लावला."

"दिसणार नाही."

"किती घेशील?"

या प्रश्नाची मी पुष्कळ दिवस वाट पाहत होतो. मल्याळी आता कायमचा गावी चालला होता. त्याच्या मुलाने घर बांधलं होतं आणि त्याला बोलावून घेतलं होतं. कोपरा पुन्हा रिकामा होणार होता, आणि अर्बाबच्या ओळखीचा एक मोबाइलवाला तिथे रोज चकरा मारत होता.

"पैसे नको," मी म्हणालो. "कोपरा."

अर्बाब हसला. "लाकडाच्या एका तुकड्यासाठी दोन शटरं?"

"लाकडाचा तुकडा रुस्ताकला जाऊन टांगला जाणार आहे. भावाच्या सुताराला सांग, तो फुकट करून देईल."

"तू ओरडतोस का?"

"मी ओरडत नाही. माझा आवाजच असा आहे."

आतून त्याच्या बायकोने काहीतरी सांगितलं. त्याने पेटीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. "भावासमोर डबा उडाला, तर कोपरा तुझा," तो म्हणाला. "नाही उडाला, तर मोबाइलवाला."

"या वेळी गणपतीला जाणार नाही मी," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने दस्ता सुटा करून आणून दिला. लोखंड त्याच्या घरी, लाकूड माझ्या दुकानात, असा आमचा कायदा. अक्रोडाचं लाकूड, हाताच्या घामाने काळं पडलेलं, आणि रेषा ओल्या वाळूवरून पाणी उतरल्यावर राहतात तशा. मी आयुष्यात पुष्कळ लाकूड कापलं आहे, त्यातलं निम्मं भुशाचं दाबून केलेलं. या लाकडावर करवत ठेवताना मी तीनदा मापलं आणि बायकोला चौथ्यांदा मापायला लावलं. ती म्हणाली, "सोफे कापताना एवढं मापलं असतंत तर माझी कव्हरं एकदा तरी नीट बसली असती."

सामान आणायला रुस्ताकच्या सुकात, म्हणजे बाजारात, जाणं सोयीचं होतं, पण तिथली प्रत्येक भिंत भावाच्या कानाला लागलेली. म्हणून मस्कतला गेलो, रुवीजवळच्या हमरियात. तिथे बोळाबोळांतून अशी दुकानं आहेत की बुटाच्या टाचेपासून तबल्याच्या पुडीपर्यंत काहीही मिळतं. एका गुजराती दुकानदाराकडे मऊ रबर, बकऱ्याचं पातळ कातडं आणि जाड नमदा काढायला लावला.

"नमदा कशासाठी?" त्याने विचारलं.

"हार्मोनियमसाठी."

"एवढा? किती हार्मोनियम आहेत?"

"भजनी मंडळ मोठं आहे."

किमतीवरून आमचं बराच वेळ चाललं. मी दोनदा उठून रस्त्यावर गेलो, एकदा त्याने हाक मारली, एकदा नाही मारली. नाही मारली तेव्हा मला परत जावं लागलं, आणि तो राग सहमपर्यंत गाडीत माझ्याबरोबर होता. घरी आल्यावर बायको म्हणाली, "नमदा छान आहे." मी म्हटलं, "छान असणारच, लुटलंय त्याने."

रबराची गादी तिने कातड्यात शिवली. टाके आत घेतले आणि कातडं चहाच्या पाण्यात आणि अक्रोडाच्या रंगात भिजवून लाकडासारखं केलं. जोड दिसू नये म्हणून मी वरून चांदीच्या तारेची पट्टी बसवली. इथे जुन्या बंदुकांना चांदी असतेच, कुणाला वावगं वाटत नाही. हातभर लांबून पाहिलं तर दस्ता आजोबाच्या वेळचाच वाटत होता, फक्त श्रीमंत झालेला.

उरलेल्या नमद्याच्या मी गोल चकत्या कापल्या, काडतुसात ठासायला. अर्बाबच्या जुन्या चकत्यांना कसर लागली होती.

बागेत पहिली चाचणी झाली. त्याने काडतूस स्वतः भरलं. त्याची बायको दारात उभी राहिली, मी खजुराच्या बुंध्यामागे. आवाज झाला, बागेतली सगळी पाखरं उडाली, पांढऱ्या धुराचा ढग झाला, आणि ढगातून अर्बाब बाहेर आला तो डाव्या हाताने उजवा खांदा धरून. तो बसला नाही, पण बसण्याचाच विचार करत होता. चेहरा पिवळा पडला होता.

"चांगलं झालंय," तो म्हणाला.

"खोटं बोलतोयस."

"पूर्वीपेक्षा चांगलं झालंय."

"दारू कमी घाल."

इथे खरं भांडण सुरू झालं. दारू मापायला त्याच्याकडे शिंगाचा एक काळा पेला होता, वडिलांचा, झांजिबारहून आणलेला. तो काठोकाठ भरायचा, वरून बोट फिरवून सपाट करायचा, आणि काडतुसात ओतायचा. वडील तसं भरायचे, तोही तसं भरायचा. मी म्हटलं, चिमूटभर कमी घातलीस तर डब्याला काय कळणार आहे? डबा तेलाचा आहे, हत्ती नाही. त्याने सांगितलं, अर्धं माप भरून डबा उडवायचा असेल तर दगड मारूनही उडवता येतो.

"वडिलांचा खांदा कापलेला होता का?"

"वडिलांचं नाव घेऊ नकोस."

"मी खांद्याचं नाव घेतलं."

मी रागाने उठून गाडीपर्यंत गेलो. गाडीत बसलो, किल्ली फिरवली, आणि समोर आरशात दिसलं की तो अजून बागेत उभा आहे, बंदूक भिंतीला टेकवलेली, आणि तो उजवा हात हळूहळू वर नेऊन बघतोय, कुठपर्यंत जातो ते. हात छातीशी येऊन थांबत होता. कुणी बघत नाहीये असं वाटून तो पुन्हा पुन्हा नेत होता.

मी गाडी बंद केली आणि परत गेलो. "तो पेला दे," म्हटलं. "शिंगाला तडा गेलाय. ईदच्या दिवशी सगळ्यांसमोर फुटेल."

तडा होता, पण केसाएवढा. त्याने पेला उजेडात धरला, निरखला, आणि मला दिला.

आमच्या गावच्या बाजारात एक तांदूळवाला होता. त्याचं मापटं बाहेरून इतरांएवढंच दिसायचं, पण बूड आतून वर ठोकलेलं. आई त्याच्याकडून तांदूळ घेऊन आली की घरी आपल्या मापट्याने मापायची आणि संध्याकाळपर्यंत त्याचा उद्धार करायची. माल घेताना मापात आधी बोट घालायचं, हे मी चालायला लागल्याबरोबर शिकलो. त्या तांदूळवाल्याची विद्या मी शिंगाच्या पेल्यावर चालवली. लेथवर सागाची चकती काढली, पेल्याच्या बुडात बुचासारखी घट्ट बसवली, काळी केली, मेणाने घासली. तडाही भरला. वरून पेला होता तसाच, काळा आणि चकचकीत.

बायकोने तो हातात घेऊन फिरवला. "शोभतंय का हे तुम्हाला?"

"म्हाताऱ्याच्या खांद्याला शोभतंय."

"आणि त्यांना कळलं तर?"

"कसं कळेल?"

"नाही, आपलं विचारलं," ती म्हणाली आणि पुन्हा मशीनवर बसली. तिचं 'आपलं विचारलं' मला आवडत नाही.

दारू कमी झाली की काडतुसात जागा रिकामी राहते, आणि ती नमद्याने नीट ठासून भरावी लागते. म्हणून मी चकत्या जास्त दिल्या आणि सांगितलं, हमरियाचा नमदा पातळ आहे, एक-दोन जास्त लागतील. अर्बाबने काडतूस भरलं. पेला काठोकाठ, वरून बोट सपाट. या वेळी आवाज थोडा गोल आला, ढग थोडा लहान झाला, आणि अर्बाब होता तिथेच उभा राहिला. त्याने बंदूक खाली केली. मग मान वळवून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"दस्ता चांगला झालाय, नज्जार," तो म्हणाला.

"मी सांगितलंच होतं."

त्या दिवशी त्याने बायकोला कॉफी आणायला सांगितली. पेला उजव्या हातात धरला, कोपर गुडघ्यावर टेकवलं आणि डोकं खाली नेऊन प्यायला. हात अर्धा वर गेला, तोंड अर्धं खाली आलं. चारचौघांत चालण्यासारखं नव्हतं, पण माझ्यासमोर चाललं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नवरा-बायको वादीत पोहोचलो तेव्हा गाड्यांची रांग लागली होती. आदल्या दिवशी खड्ड्यात पुरलेलं मटण काढलेलं, त्याचा वास पार रस्त्यापर्यंत. बायका एका बाजूला बाभळीच्या सावलीत, पुरुष दुसऱ्या बाजूला चटयांवर, सगळ्यांच्या कमरेला खंजीर. माझी बायको सरळ अर्बाबच्या बायकोपाशी जाऊन बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, आणि त्यांचं बोलणं कधी संपत नाही.

भावाला मी पहिल्यांदाच नीट पाहत होतो. अर्बाबपेक्षा रुंद, दाढी मेंदीने लाल, आणि हसला की दुसऱ्यांनाही हसायला लावणारा. त्याने बंदूक पाहिली. दस्त्यावरून तळवा फिरवला. चांदीच्या पट्टीवर थांबला.

"दागिने घातलेस हिला?"

"म्हातारी झाली की घालावे लागतात," अर्बाब म्हणाला.

"हा तुझा हिंदी सुतार? माझ्या घराचे दरवाजे फुगलेत. कधी येतोस?"

"दरवाजे कुणी केले?" मी विचारलं.

"रुस्ताकच्या माणसाने."

"मग फुगणारच. लाकूड वाळवतच नाहीत ते."

दगडावर डबा ठेवला. अर्बाबने चटईवर बसून सगळ्यांसमोर काडतूस भरलं. काळा पेला काठोकाठ भरला, बोट फिरवलं, चकत्या ठासल्या. मोठी माणसं वडिलांच्या पेल्याकडे मानेने दाद देत बघत होती. तो उठला, दोन्ही पाय वाळूत रोवले, बंदूक उचलली. उचलतानाच उजवा हात छातीशी येऊन अडला, आणि मला वाटलं, संपलं, मोबाइलवाला आला. मग नळी वर गेली आणि स्थिर झाली. आवाज वादीच्या भिंतींवर आपटून परत आला. धूर विरला तेव्हा डबा दगडावर नव्हता आणि अर्बाब होता तिथे होता.

चटयांवरून गलका झाला. बाभळीखालून बायकांची लांब किलकारी आली, आणि तिच्यात माझ्या बायकोचाही आवाज होता, जो मी घरी कधी ऐकला नव्हता.

भाऊ मात्र हसत नव्हता. "आवाज कमी वाटला," तो म्हणाला.

"तुझे कान म्हातारे झालेत."

"मला एक भरू दे."

"भर," अर्बाब म्हणाला.

भाऊ चटईवर बसला, त्याने पेला उचलला, आणि त्याचा अंगठा आत गेला. सहज, काही ठरवून नाही, माझ्या आईचा जायचा तसा. तो बुडाशी थांबला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लवंगांच्या दुकानात वाढलेल्या दोन भावांच्या हातात मी खोटं माप दिलं होतं. लहानपणापासून ज्यांनी माल मापून घेताना आणि मापून देताना पाहिला, त्यांच्या हातात. चुलत भाऊ, मेहुणे, जावई सगळे बघत होते. मी गाडीची किल्ली खिशात चाचपली.

भावाने मान वर केली, अर्बाबकडे पाहिलं आणि स्वाहिलीत काहीतरी म्हणाला. लहानसंच वाक्य. अर्बाबचे खांदे हलायला लागले, दोन्ही, दुखरासुद्धा. मग भावाचेही. दोघे वाळूत बसून डोळे पुसेपर्यंत हसले, आणि बाकीच्यांना काही कळेना. हसून झाल्यावर भावाने पेला काठोकाठ भरला, बोटाने सपाट केला, सगळ्यांना दाखवला. "वडिलांचं माप," तो अरबीत मोठ्याने म्हणाला, आणि काडतूस भरून दुसरा डबा उडवला. बंदूक खाली केल्यावर त्याने आपला खांदा गोल फिरवून पाहिला. मग कुणाच्या लक्षात येणार नाही असा दस्त्याच्या गादीवर अंगठा दाबला.

बंदूक अर्बाबच्याच गाडीत गेली.

परतताना मी त्याला गाठलं. "भाऊ काय म्हणाला?"

"म्हणाला, अब्बा लवंगा विकायचे ते याच बुडाने."

"खरंच?"

"घ्यायचं माप वेगळं, विकायचं वेगळं. अल्ला त्यांना माफ करो. दारू मात्र ते पूर्ण भरायचे."

"म्हणजे तुला कळलं होतं? कधी?"

"बागेत. पेला हातात घेतल्याबरोबर."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने गाडीचं दार उघडलं, उजव्या हाताने. "बोललो असतो," तो म्हणाला, "तर पूर्ण भरावं लागलं असतं."

आठवड्याने त्याने कोपऱ्याची किल्ली दिली. मल्याळ्याने जाताना जागा धुऊन दिली होती, भिंतींना अजून वेलचीचा वास होता. मी हमरस्त्याकडचं शटर वर केलं, उजेड आत घेतला, मागे वळलो, आणि पाहतो तो गाळ्याच्या निम्म्यावर नवी कोरी प्लायवुडची भिंत. भिंतीमागे छतापर्यंत खजुराची खोकी. प्लायवुड माझ्याच दुकानातलं. परवा त्याच्या माणसाने बागेसाठी म्हणून नेलेलं.

मी तसाच बागेत गेलो. "हा काय प्रकार आहे?"

"कोपरा दिला ना?"

"अर्धा दिलास."

"दोन शटरं म्हणाला होतास. दोन्ही आहेत. बाहेरून बघ, पूर्ण दिसतो."

मी जे बोललो ते या वेळी हिंदीत बोललो. त्याच्या बायकोने आतून कॉफी पाठवली, दोघांना. तो बोलणं ऐकत शांतपणे प्यायला. कोपर गुडघ्यावर नव्हतं.

आता मोठ्या रस्त्यावरून सोफा दिसतो आणि गाड्या थांबतात. एकावर एक रचून कसेबसे मावतात सोफे. खजुराच्या वासाने मुंग्या येतात, त्या मी मोजून त्याच्या नावावर लावतो. तो सकाळी येतो, सगळ्यात भारी सोफ्यावर बसतो, आणि माझी बायको त्याला चहा देते. रुस्ताकच्या भावाचे दरवाजे मी बदलून दिले. त्या वेळी त्याने मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारलं, तशीच एक गादी सुटी मिळेल का, पुढेमागे लागली तर. मी म्हटलं, मिळेल, पण तुझ्या भावाला एक शब्द टाक, ती प्लायवुडची भिंत काढायला सांग. तो म्हणाला, इन्शाल्ला.